बॅजर मारून गायी वाचल्या का?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, विजेचे बिल आहे. त्यात हा इंग्लंडचा बॅजर कुठून घुसला, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. रास्त आहे. ज्याच्या तुरीत रात्री रोही शिरतात आणि ज्याची ज्वारी रानडुकरे लोळवून जातात, त्याला परमुलखातल्या एका बिळात राहणाऱ्या जनावराची काळजी कशाला? पण ही गोष्ट नुसत्या जनावराची नाही. गायी पाळणाऱ्या शेतकऱ्यावर रोगाचे संकट आले, सरकारने त्याच्या हातात बंदूक दिली आणि दुसरीकडे बोट दाखवले, त्याची ही गोष्ट आहे. बोट दाखवणारे सरकार कसे असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून ऐका.

आधी प्राणी कोणता ते सांगतो. बॅजर आपल्या पाणमांजराच्या कुळातला. अंगाने भरलेला, दहा-बारा किलोचा, आखूड पायांचा. तोंड पांढरे आणि त्यावर दोन काळे पट्टे. सायाळीसारखा दिवसभर बिळात आणि रात्री बाहेर. त्याचे बीळ म्हणजे साधे भोक नव्हे, अख्ख्या कुटुंबाचा वाडा असतो. पाच-सात-दहा जण एकत्र राहतात, पिढ्यान् पिढ्या तेच बीळ वापरतात. काही बिळे शंभर वर्षांहून जुनी आहेत. प्रत्येक कुटुंबाची हद्द ठरलेली, आणि हद्दीवरून भांडणेही होतात, आपल्या धुऱ्यावरून होतात तशीच. मुख्य खाणे गांडूळ. आणि गांडूळ भरपूर कुठे मिळते? ओल्या, आखूड गवताच्या कुरणात, म्हणजे जिथे गायी चरतात तिथेच. इथूनच सारे दुखणे सुरू होते.

दुखण्याचे नाव गायीचा क्षय. माणसाच्या क्षयाच्या जंतूचा हा सख्खा भाऊ. आपल्या प्रत्येकाच्या पोराच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा वण असतो. ती लस माणसाच्या क्षयाच्या जंतूपासून केलेली नाही, गायीच्या क्षयाचा जंतू दुबळा करून केलेली आहे. कालमेट आणि गेराँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती केली आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिली. तेव्हा हा जंतू आपल्याला अगदीच परका नाही.

इंग्लंडात १९३०च्या दशकात दुभत्या गायींपैकी सुमारे ४० टक्के गायींना या जंतूची बाधा होती. कच्च्या दुधातून तो माणसात जाई आणि वर्षाला दोन हजारांच्या वर माणसे, त्यांत लहान मुले फार, मरत. मग दूध तापवून विकणे सुरू झाले. १९५० पासून जिल्ह्यामागून जिल्हा घेऊन प्रत्येक गोठ्यातली गाय तपासली, बाधित निघाली ती मारली, मालकाला पैसे दिले. १९६० पर्यंत सारा देश या मोहिमेखाली आला आणि रोग नैऋत्येकडच्या थोड्या गोठ्यांपुरता उरला. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या साऱ्या काळात रोगासाठी म्हणून एकही बॅजर मारलेला नव्हता. बॅजर तेव्हाही त्याच कुरणांत गांडुळे खात होता. गायी तपासल्या, बाधित गायींची ये-जा थांबवली, एवढ्यावर रोग हटला.

१९७१ मध्ये ग्लॉस्टरशायर जिल्ह्यात एक मेलेला बॅजर सापडला आणि त्याच्या अंगात हाच जंतू निघाला. झाले! नैऋत्येकडचा रोग का हटत नाही याचे उत्तर सापडले असे सरकारी खात्याने धरून चालले. १९७५ पासून बिळांत सायनाइडचा वायू सोडायला सुरुवात केली. हा वायू बिळात सगळीकडे पोचत नाही, जनावर हाल होऊन मरते, हे कळल्यावर १९८२ मध्ये तो बंद केला. मग पिंजऱ्यात धरून गोळी घालणे आले. असे करत पंचवीस वर्षे गेली आणि रोग कमी व्हायच्या ऐवजी वाढतच राहिला.

शेवटी १९९७ मध्ये प्राध्यापक क्रेब्ज यांच्या समितीने विचारले, की मारल्याने फायदा होतो हे तुम्ही कधी मोजून पाहिले का? मोजलेले नव्हते. मग १९९८ पासून मोठा प्रयोग झाला. आम्ही कृषी महाविद्यालयात प्लॉट पाडून खताचे प्रयोग करायला शिकलो. हा तसाच प्रयोग, पण एकेक प्लॉट १०० चौरस किलोमीटरचा! असे तीस प्लॉट, तीन-तीनच्या दहा गटांत. प्रत्येक गटात एका प्लॉटमध्ये दरसाल सगळीकडचे बॅजर मारायचे, दुसऱ्यात फक्त रोग निघालेल्या गोठ्याच्या आसपासचे, तिसऱ्यात हात लावायचा नाही. सुमारे ११ हजार बॅजर मारले गेले आणि सुमारे ५ कोटी पौंड खर्च झाले.

काय निघाले? दुसऱ्या पद्धतीच्या प्लॉटमध्ये रोग उलट वाढला. इतका की २००३ मध्ये तो भाग अर्ध्यावर बंद करावा लागला. पहिल्या पद्धतीत प्लॉटच्या आत रोग सुमारे २३ टक्क्यांनी घटला, आणि प्लॉटच्या हद्दीबाहेर दोन किलोमीटरच्या पट्ट्यात जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढला. म्हणजे माझ्या शेतातले पाणी काढून शेजाऱ्याच्या शेतात सोडले.

असे का व्हावे? कापूस पिकवणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारण्या वाढल्या तेव्हा बोंडअळीबरोबर मित्रकीडही मेली आणि पांढरी माशी उसळली, हे आपण भोगले आहे. मारणे म्हणजे कमी होणे असे नेहमी नसते. बॅजरचे तसेच. कुटुंब हद्दीत स्थिर असते तोवर बाधित जनावराचा संबंध आपल्या घरापुरता राहतो. त्यातले निम्मे मारले की हद्दी मोडतात, उरलेले सैरावैरा फिरतात, शेजारच्या हद्दीत शिरतात, आणि जंतू बरोबर घेऊन जातात. प्राध्यापक बोर्न यांच्या गटाने २००७ मध्ये अहवाल दिला, की बॅजर मारून गायीचा क्षय आटोक्यात आणण्यात अर्थपूर्ण मदत होण्यासारखी नाही.

भावांनो, आम्ही एकतर्फी बोलणार नाही. मारणे थांबल्यानंतर काही वर्षे आतली घट टिकली आणि बाहेरची वाढ ओसरली, असेही त्याच प्रयोगाच्या पुढच्या आकड्यांत दिसले. आयर्लंडमध्ये कॉर्क, डॉनेगल, किल्केनी आणि मोनॅहन या चार काउंट्यांत १९९७ ते २००२ मध्ये बॅजर जवळजवळ निपटून काढले तेव्हा तिथला रोग घटला. बॅजरकडून गायीला जंतू जातच नाही असे म्हणणारा खोटे बोलतो. पण किती जातो? २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी बांधलेला हिशेब असा, की बॅजरकडून थेट आलेला रोग बाधित गोठ्यांपैकी सुमारे ६ टक्के. तिथून पुढे गायीकडून गायीकडे गेलेलाही त्याच्या खात्यावर मांडला तर निम्म्यापर्यंत जातो, पण त्या आकड्यात घोळ मोठा आहे. आणि कसेही मांडले तरी पुढचा प्रवास गायीकडून गायीकडेच होतो ना?

तो प्रवास कसा होतो ते पाहा. २०२२ मध्ये आपल्याकडे लम्पी आली तेव्हा काय केले? बैलबाजार बंद केले, जनावरांची वाहतूक थांबवली, लसी टोचल्या. इंग्लंडमध्ये २००१ साली लाळ-खुरकुताची भयंकर साथ आली. साठ लाखांवर जनावरे मारून टाकली. त्या धामधुमीत क्षयाची तपासणी बहुतेक वर्षभर बंद पडली. साथ सरल्यावर रिकामे गोठे भरायचे होते. जनावरे कुठून आणली? नैऋत्येकडून, म्हणजे क्षय होता तिथूनही, आणि न तपासता! उत्तरेकडच्या ज्या जिल्ह्यांत रोग नव्हता तिथे ट्रकमध्ये बसून गेला. बॅजर ट्रकमध्ये बसत नाही.

कंब्रियाचा किस्सा तर बोलका आहे. हा उत्तरेकडचा डोंगराळ जिल्हा, क्षय नसल्यात जमा. तिथे २०१४च्या सुमारास रोग निघाला आणि पुढे बॅजरमध्येही सापडला. जंतूची जात तपासली तर ती उत्तर आयर्लंडच्या जनावरांत आढळणारी निघाली. मध्ये समुद्र आहे! गुरांच्या व्यापारातून आलेला रोग. आणि २०१८ पासून गोळ्या कोणाला घातल्या? कंब्रियाच्या बॅजरला.

त्यात तपासणीही लंगडी आहे. गायीच्या कातडीत औषध टोचून सूज पाहायची ही शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. बाधित पाच गायींपैकी एक तरी तिच्यातून निसटते, कधी जास्तही. निसटलेली गाय गोठ्यातच राहते, बाकीच्यांना देते, विकली गेली तर दुसऱ्या गावी देते.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू, कारण आपण तिथेच उभे आहोत. गाय चाचणीत निघाली की गोठ्याला टाळे. साठ-साठ दिवसांनी तपासणी, सलग दोनदा सगळ्या गायी निर्दोष निघेपर्यंत जनावर विकायचे नाही. इंग्लंडमध्ये दरवर्षी वीस हजारांहून जास्त गायी अशा मारल्या जात आल्या आहेत. गाभण असली तरी मारतात. भरपाई मिळते, पण तीन पिढ्या जपलेला वंश, बुडालेले दूध, गोठ्यात गोळीचा आवाज ऐकलेली घरची मुले, याची भरपाई कोणत्या तक्त्यात असते? अशा माणसाला कोणी म्हणाले, की तुझा शत्रू तो बिळातला आहे, तर त्याने बंदूक का उचलू नये? आम्ही त्याला दोष देत नाही.

दोष आहे तो बंदूक देणाऱ्यांचा. २०१३ मध्ये ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेटमध्ये नव्याने मारणे सुरू झाले. सरकारची अट अशी, की शेतकऱ्यांनी आपली कंपनी काढायची, चार वर्षांच्या खर्चाची आगाऊ तरतूद करायची, नेमबाज आपणच आणायचे. म्हणजे रोग आवरण्याचे काम सरकारचे, आणि खर्च, शिव्या व बंदूक शेतकऱ्याची! सहा आठवड्यांत सत्तर टक्के बॅजर मारायचे ठरले होते. ते जमले नाही. किती बॅजर आहेत याचाच नेमका अंदाज नव्हता. तेव्हाचे मंत्री ओवेन पॅटरसन यांनी बॅजरनीच खेळाचे गोल हलवले असे म्हणून टाकले. सगळ्या देशाने हसून घेतले. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाने सांगितले, की रात्री मोकळ्यावर गोळी घातलेल्या बॅजरांपैकी सात ते तेवीस टक्के पाच मिनिटांनंतरही जिवंत होते. पुढच्या वर्षी मारणे चालू राहिले, मंडळ मात्र राहिले नाही.

तेव्हापासून २,३०,०००च्या वर बॅजर मारले गेले. इंग्लंड आणि वेल्स मिळून त्यांची संख्या २०१७च्या अंदाजात ४,८५,००० होती, यावरून काय ते समजा. यातून साधले काय? सरकारी शास्त्रज्ञांच्या २०२४ च्या अभ्यासात मारणीच्या भागांत चौथ्या वर्षापर्यंत रोग ५६ टक्के घटला असे आले. आकडा मोठा आहे, तो लपवायचे कारण नाही. पण त्याच वर्षांत तिथे गायींची तपासणी कडक झाली होती, आणि घट मारणीची किती व तपासणीची किती हे वेगळे काढता येत नाही असे त्या अभ्यासातच म्हटले आहे. २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने मारणी झालेले आणि न झालेले भाग ताडून पाहिले तर त्यांना फरक आढळला नाही. आमच्या मते, दोन लाखांवर जीव घेतल्यानंतरही हिशेब लागत नसेल तर हिशेबाची वही आधीच नीट लिहिली नव्हती. पहिल्या प्रयोगात न मारलेला प्लॉट होता. दुसऱ्या वेळी तोच ठेवला नाही.

शेजारच्या वेल्सने वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने मारण्याचा बेत सोडला, पेम्ब्रोकशायरच्या उत्तर भागात बॅजरना पिंजऱ्यात धरून बीसीजी टोचले आणि देशातल्या प्रत्येक कळपाची वर्षाला तपासणी चालू ठेवली. पुढे जगभर बीसीजीचा तुटवडा पडला तेव्हा बॅजरची लस थांबवली. लहान मुले आधी, ते योग्यच झाले. वेल्समध्ये नवे बाधित कळप पुष्कळ कमी झाले. मारल्या जाणाऱ्या गायी मात्र दहा हजारांच्या आसपासच राहिल्या, कारण तपासणी कडक केली की सापडतातही जास्त. आयर्लंडनेही २०१८ पासून मारण्याच्या जागी लस आणायला सुरुवात केली. आणि इंग्लंडच्याच कॉर्नवॉलमध्ये काही शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन आपल्या शेतांवर बॅजरना लस टोचून घेतली. चार वर्षांत तिथल्या बॅजरमधली बाधा १६ टक्क्यांवरून शून्यावर आली. भाग लहान होता, त्यावरून गायींचे काय झाले ते ठरवता येणार नाही. पण बंदुकीशिवाय शेतकऱ्याने करण्यासारखे काही असते एवढे तरी दिसले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडच्या नव्या सरकारने या संसदेची मुदत संपेपर्यंत मारणे बंद करू असे जाहीर केले.

रोगाचे हे झाले. पण बॅजरचे मरण सरकारी बंदुकीनेच येते असे नाही. त्याच्यावर कुत्री सोडून पैज लावण्याचा खेळ तिथे जुना आहे. १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला, आणि अजून चोरून चालतो. बिळात लहान शिकारी कुत्रे सोडतात, त्याच्या गळ्यात आवाज देणारे यंत्र असते, वरून फावड्याने खणत जातात. कधी कुत्र्यांना जिंकता यावे म्हणून आधी बॅजरचाच जबडा मोडतात. १९७३ चा कायदा तोकडा पडला, तेव्हा १९९२ मध्ये पक्का केला. नुसता बॅजर नव्हे, त्याचे बीळही संरक्षित झाले. या कायद्यात एक खुबी आहे. खणताना सापडलेल्याचा हेतू बॅजरचाच दिसत असेल तर तो नव्हता हे त्याने सिद्ध करायचे. तरी शिक्षा सहा महिने. स्कॉटलंडने २०२० मध्ये ती पाच वर्षांपर्यंत नेली. शिवाय रस्त्यांवर गाड्यांखाली वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास मरतात असा अंदाज आहे. पिल्ले फेब्रुवारीत होतात. मादी वसंतात गाडीखाली गेली की बिळातली पिल्लेही उपाशी मरतात. नव्या रस्त्यांखाली त्यांच्या वाटेवर बोगदे ठेवतात, ते मात्र उपयोगी पडतात.

सरकारच एखाद्या प्राण्याला रोगाची खाण ठरवते तेव्हा कुत्री घेऊन निघालेल्याला पुण्यकर्म केल्यासारखे वाटू लागते. हे आमचे मत आहे, आकडा नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मग रोह्यालाही हात लावू नका म्हणता काय? तसे म्हणत नाही. रोही पीक खातो, ते डोळ्यांना दिसते, पंचनामा होतो. बॅजर गायीला खात नाही. कॉर्नवॉलमध्ये गायींच्या आणि बॅजरच्या गळ्यात यंत्रे बांधून पाहिले तर बॅजर गायींच्या कुरणात येई, पण गायींच्या जवळ जाईना. जंतू दिला-घेतला जात असेल तो गवतातून, शेणातून, पाण्याच्या टाकीतून. तिथल्या शहाण्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या टाक्या उंच केल्या, पेंडीच्या खोलीला खालपर्यंत पत्रा मारला, बिळाभोवती गायी जाऊ नयेत म्हणून तार लावली. हे दोन प्रश्न एकात घालू नका. रोह्याच्या नुकसानीचा हिशेब वेगळा, तो दुपारच्या सत्रात आहेच.

गायींना सरळ लस का देत नाहीत, असे कोणी विचारील. लस तीच, बीसीजी. पण ती टोचली की चाचणीत गायीला सूज येते आणि निरोगी गाय बाधित ठरते. लस दिलेली आणि बाधित अशा दोघींतला फरक ओळखणारी चाचणी हवी. तिच्या गोठ्यांवरच्या चाचण्या इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ मध्ये सुरू झाल्या. पन्नास वर्षे बिळांमागे धावण्यात गेली. तो पैसा आणि ती अक्कल या चाचणीत आधी घातली असती तर?

आपल्याकडे शेवटचे एक. गायीचा हा क्षय आपल्या देशातही आहे, आणि सगळ्या गोठ्यांची सक्तीने तपासणी करणारी मोहीम आपल्याकडे नाही. संकरित गायींच्या मोठ्या गोठ्यांत तो जास्त आढळतो. तेव्हा दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका, वासराचे म्हणून काढलेला चीकसुद्धा कच्चा पिऊ नका. जोडधंद्यासाठी बाहेरून संकरित गाय आणणार असाल तर पैसे देण्याआधी पशुवैद्यकाकडून ट्युबरक्युलिनची चाचणी करून मागा. ही चाचणी बाजारात उभ्या उभ्या होत नाही. कातडीत टोचल्यावर बहात्तर तासांनी सूज मोजावी लागते. म्हणून गाय विकणाऱ्याच्या दारातच तीन दिवस राहू द्या, आणि पशुवैद्यक दुसऱ्यांदा येऊन मोजेपर्यंत दावे हातात घेऊ नका.